थांब नावाची मुलगी

आमच्या शिओमी बंदरावरचं सार्वजनिक न्हाणीघर तोमे चालवते. तिला हळू आवाजात हाक मारून उपयोग नाही, बंबाच्या धगधगाटात तिला काही ऐकू येत नाही. मग पुरुषांच्या बाजूने कुणीतरी पाणी गार झालं म्हणून "तोमेऽऽ" असा गळा काढतं, आणि त्याच वेळी बाहेरच्या उतारावरून येणारा एखादा परगावचा हातगाडीवाला करकचून पाय रोवून जागच्या जागी उभा राहतो. डावीउजवीकडे बघतो. कुणीच काही बोलत नाही, हे बघून शिव्या देत पुढे जातो. न्हाणीघरात हशा पिकतो, त्यात तोमेचाही आवाज असतो.

कारण आमच्या जपानीत तोमे म्हणजे थांब. शेवट जरा लांबवला की तेच थांबव. नाव आणि हुकूम कानाला एकच. हे नाव कुणाला ठेवतात तेही गावाला तोंडपाठ आहे. मुलीवर मुली होत गेल्या की शेवटचीला तोमे म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं की बाबा रे, आता पुरे. तोमेच्या वरच्या दोन बहिणी, मात्सुए आणि किनु. मग तोमे. आणि तिच्या पाठीवर झाला तो सुएमात्सु, मुलगा. नाव लागू पडलं, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि वर आपण काही चांगलं बोललो अशा थाटात तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे.

तोमेने पुढे एका होड्यांच्या सुताराशी लग्न केलं, न्हाणीघर घेतलं, तीन मुलं वाढवली. मुलीचं नाव तिने चांगलं लांबलचक आणि फुलापानांचं ठेवलं. पण स्वतःचं नाव बदलायची एकदा चालून आलेली संधी तिने सोडली, आणि ती का सोडली हे तिला आजही लोक टबात बसून विचारतात. ती सांगतेही. पण सांगता सांगता मध्येच बंबात लाकूड घालायला उठते आणि परत येते तेव्हा भलतीकडूनच सुरुवात करते. म्हणून इथे सलग सांगितलेलं बरं.

तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि चित्रपट अजून बोलायला लागले नव्हते. बंदरावर मिनातोझा नावाचं चित्रगृह होतं. मालक कुमाशिरो, पोट मोठं, आवाज मोठा, मन मध्यम. पडद्याशेजारी उभं राहून सगळ्या पात्रांचं बोलणं बोलणारे बेन्शी होते रानसुई मास्तर. लांब काळा कोट, मिशांना तेल. अमेरिकेतून कुठलंही चित्र येवो, नायक असला की रानसुई मास्तर त्याला रॉबर्ट म्हणत आणि दुष्ट असला की जिम. मुलांना हे सोयीचं पडे. पडद्यावर माणूस आला की आधी विचारायचं, हा रॉबर्ट की जिम, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळे.

तोमेची आई ओनोबू तिथे दारावर खडावा सांभाळायची. आत चटयांवर बसायचं, तेव्हा प्रत्येकाने दारात खडावा काढायच्या, ओनोबूने त्या बांधून फळीवर ठेवायच्या आणि हातात नंबराची लाकडी पट्टी द्यायची. तोमेचा बाप दगड वाहणाऱ्या बोटीवर होता, वर्षातून चार वेळा दिसे. दोघी बहिणी ओकायामाच्या सूतगिरणीत. घर चालत होतं ते त्या दारावर. ओनोबू बाई अगदी मवाळ. कुणी चिखलाची खडाव अंगावर फेकली तरी "बरं बरं" म्हणणारी.

तोमे आणि सुएमात्सु यांना तिकीट नसे. ते मागच्या बाजूने शिरून पडद्याच्या पाठीमागे बसत. तिथून चित्र उलटं दिसतं. त्यामुळे अमेरिकेतले झाडून सगळे लोक डावखुरे असतात, अशी तोमेची बरेच दिवस समजूत होती.

त्या उन्हाळ्यात, बंदराच्या देवीच्या जत्रेला, सर्कशीतून पळालेल्या एका मुलाचं चित्र आलं. छोटा रॉबर्ट आणि त्याचा लंगडा कुत्रा आगगाडीच्या टपावरून देशभर आईला शोधत फिरतात. जिम त्यांच्या मागावर. दुपारच्या खेळाला अख्खं गाव लोटलं. पडद्यामागची जागा इतर फुकट्यांनी आधीच बळकावलेली. सुएमात्सु पाचच वर्षांचा, तो कसाबसा घुसला. तोमे जिन्याने वर माडीवर गेली. तिथेही पुढे मोठी माणसं. मग ती कठड्यावर चढली. चित्र पहिल्यांदाच सुलट दिसत होतं आणि छोटा रॉबर्ट डावखुरा नव्हता, या धक्क्यात ती पुढे पुढे सरकत गेली. शेवटचं रीळ लागलं तेव्हा तिचं अर्धं अंग कठड्याबाहेर होतं.

दारावरची कामं उरकून ओनोबूने दारातला पडदा बाजूला करून आत डोकावलं. वर बघितलं. आणि जिने आयुष्यात चित्रगृहात मोठ्याने शिंकसुद्धा दिली नव्हती ती बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "तोमेऽऽ."

तोमे दचकून मागे आली आणि माडीच्या चटईवर आपटली. ती वाचली. पण मशीन चालवणारा शोहेई गावात नवा होता, आदल्या आठवड्यात आलेला. तोमे नावाची कुणी मुलगी आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार. त्याने ऐकलं, थांबव. त्याने थांबवलं.

त्या काळची फिल्म चालती असेपर्यंत ठीक. दिव्यापुढे उभी राहिली की पेटली. छोट्या रॉबर्टच्या गालावर एक तपकिरी डाग उमटला, डागाचं भोक झालं आणि भोक पसरत निघालं. रानसुई मास्तरांना सवयच होती, जे दिसेल त्याला शब्द द्यायचे. ते म्हणाले, "आणि इतक्यात पूर्वेला सूर्य उगवला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग धुराचा वास आला.

कुणाला काही झालं नाही. शोहेईने ओल्या गोणपाटाखाली आग दाबली, एक भुवई जाळून घेतली. मशीन वाचलं. शेवटचं रीळ तेवढं गेलं. लोक पळाले ते हाताला लागेल ती खडाव घालून. जत्रेचे पुढचे दिवस गावात एका पायात उंच आणि एका पायात बुटकी खडाव घातलेली माणसं एकमेकांना अडवून पायांकडे बघत होती.

संध्याकाळी कुमाशिरो मालक ओनोबूच्या घरी आले. पंखा हलवत उंबऱ्यावर बसले. शेजारपाजारचे लोक आपापल्या दारात भांडी घासायला आले, म्हणजे ऐकायला.

"ओनोबू, मी काही वाईट माणूस नाही," मालक म्हणाले.

"नाही मालक."

"दारात उभी राहून तू थांबव म्हणालीस आणि त्या बावळटाने थांबवलं. मी विचार केला, चूक कुणाची?"

"माझी, मालक."

"तुझी नाही. त्याचीही नाही. चूक नावाची आहे. हे काय नाव आहे? जुनाट, अडगळीतलं. शहरात आता असली नावं कुणी ठेवत नाही. मी सांगतो, हिला युरिको म्हण. लिलीचं फूल. कचेरीतलं लिहिणं-पुसणं मी बघतो. मुलीचं भलं होईल आणि माझ्या चित्रगृहात असली हाक पुन्हा येणार नाही."

समोरची म्हातारी भांडं घासायचं विसरून म्हणाली, "युरिको. वा, किती गोड."

तोमे आत भाताच्या मडक्याशी बसली होती. तिने ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. युरिको. युरिकोला हातगाडीवाले थांबत नाहीत. युरिकोच्या डोक्यावरून हात फिरवून कुणी म्हणत नाही की तुझ्या नावाने काम केलं हो. तिला वाटलं, फिल्म जळली ते एका परीने बरंच झालं.

"नाही मालक," ओनोबू म्हणाली. "नाव बदलायचं नाही."

मालकांचा पंखा थांबला. शेजाऱ्यांच्या भांड्यांचा आवाजही थांबला. ओनोबूच्या तोंडून नाही हा शब्द त्या आळीत कुणी ऐकलेला नव्हता.

"विचार करून बोल. माझी अट एवढीच आहे. ते नाव किंवा ते दार."

"हो."

"उद्याचा खेळ आहे. जत्रेची गर्दी आहे आणि चित्राला शेवट नाही. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे. उद्याचा खेळ सुटला की मला सांग. तोपर्यंत तू दारावर."

मालक गेले. तोमे बाहेर आली. तिचे कान लाल झाले होते.

"का नाही म्हणालीस? फुकट मिळत होतं चांगलं नाव."

"भात खा."

"का ते मला माहीत आहे. तुला मी पुरे झालेली मुलगी आहे. ते सगळ्यांना कळलेलं राहिलं पाहिजे, म्हणून."

ओनोबूने तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं आणि परत म्हणाली, "भात खा, पोरी." तोमेने खाल्ला नाही. खरं तर थोडा खाल्ला, पण रागाने.

अंथरुणात तिने डोकं चालवलं. नाव गेलं तरी हरकत नाही, पण आईचं दार जाता कामा नये. मालकाचं डोकं फिरलंय ते शेवट नाही म्हणून. शेवट मिळाला तर डोकं जागेवर येईल, दार राहील, आणि मग मालक चांगल्या मनःस्थितीत असताना आपणच हळूच युरिकोचा विषय काढायचा. समोर, पाण्यापलीकडे, कागेउरा गाव. तिथेही जत्रा, तिथेही तेच चित्र. कंपनीने दोन प्रती पाठवल्या होत्या. पण तिथल्या चित्रगृहाची मालकीण ओरिएबाई आणि आपले कुमाशिरो यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून झालं हे दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून ते मिटतही नव्हतं. मालक स्वतः मेले तरी मागायला जाणार नाहीत. मग दुसरं कोण जाणार?

सकाळी ती सुएमात्सुला घेऊन निघाली. त्याला नेलं ते प्रेमाने नव्हे. ठेवला असता तर त्याने सगळं आईला सांगितलं असतं.

मच्छीवाल्या बायकांच्या टोपल्यांमध्ये बसून दोघं पलीकडे पोचली. कागेउराच्या चित्रगृहाच्या दारात एक जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई भाजलेलं रताळं खात बसली होती.

"काय गं, इतक्या लवकर? खेळ संध्याकाळी आहे."

"ओरिएबाईंना भेटायचंय."

"भेटलीस. नाव काय तुझं?"

तोमेने मान ताठ केली. "युरिको."

"हिचं नाव तोमे आहे," सुएमात्सु म्हणाला.

तोमेने त्याला चिमटा काढला. ओरिएबाई रताळं बाजूला ठेवून हसायला लागल्या. शिओमीची बातमी पाण्यावरून केव्हाच पलीकडे पोचली होती.

"म्हणजे काल कुमाशिरोचं चित्रगृह पेटवलं ती तू होय?"

"मी नाही. माझ्या नावाने."

मग तिने सगळं सांगितलं, कठडा, सूर्य उगवला ते, मालकाची अट, आईचं ते 'नाही'. ओरिएबाई ऐकत होत्या. आईच्या 'नाही'पाशी आल्यावर त्यांचं हसणं ओसरलं.

"तुझ्या आधी किती गेले?" त्यांनी विचारलं.

"दोघी. ओकायामाला, सूतगिरणीत."

"गिरणीत गेलेल्यांचं नाही विचारत."

तोमेला काही कळेना. "माझ्या भावाचं नाव तोमेकिची होतं," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. आईला विचार."

त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेला पत्र्याचा गोल डबा घेऊन आल्या. "हे शेवटचं रीळ. संध्याकाळच्या खेळाला मला परत पाहिजे. आणि ते परत आणून द्यायचं कुमाशिरोने. नोकर नाही, मुलं नाहीत. स्वतः. यायचं, माझ्यासमोर बसायचं, चहा प्यायचा आणि कडू तोंड न करता जायचं. सांगशील असंच?"

"असंच सांगीन."

"आणि याला विस्तवाजवळ नेऊ नकोस. तुला सांगायला नको म्हणा."

धक्क्यावर आली तर मच्छीवाल्या बायका निघून गेलेल्या. प्रवाह फिरत होता; तासाभरात शिओमीकडे होडी हाकणं अवघड झालं असतं. धक्क्याच्या पार टोकाला, सगळ्यांनी मुद्दाम लांब ठेवलेली एकच होडी सुटायच्या बेतात होती. ती होती मैल्याची. कागेउराच्या संडासांतला मैला पिंपांत भरून हेइसुके म्हातारा शिओमीच्या संत्र्यांच्या बागांना पोचवायचा. आमच्या संत्र्यांची एवढी ख्याती आहे ती उगीच नाही.

"आजोबा, आम्हाला न्या ना," तोमे म्हणाली.

हेइसुकेने दोघांकडे आणि त्यांच्या जत्रेच्या धुतलेल्या कपड्यांकडे बघितलं. "माझ्या होडीत आपणहून बसायला निघालेली तुम्हीच पहिली. बसा. पिंपाला टेकू नका, झाकणं सैल आहेत."

निघाल्यावर म्हाताऱ्याने चिलीम काढली. तोमेने डबा छातीशी धरला.

"आजोबा, चिलीम पेटवू नका."

"का?"

"हे पेटतं. भुर्रकन."

"पोरी, या होडीत चिलीम हाच एक सुगंध आहे. तो पण काढून घेतेस?"

"काल मी अख्खं चित्रगृह पेटवलंय," तोमे म्हणाली. पहिल्यांदाच तिला त्या गोष्टीचा उपयोग झाला.

म्हाताऱ्याने चिलीम परत कमरेला खोचली आणि वल्हं मारत राहिला. मध्यावर प्रवाहाने होडी तिरकी केली. मागच्या पिंपाचं झाकण उडालं आणि सुएमात्सुच्या पायावर, गुडघ्यापर्यंत, काय ते सांगायला नको. तो रडला नाही. त्याने फक्त विचारलं, "ताई, अजून किती?" डब्यावर एक थेंब उडाला नव्हता, कारण तोमे डब्यावर पालथी झाली होती. तिच्या पाठीचं मात्र बोलायला नको. ऊन छान पडलं होतं, पाणी हिरवंगार होतं आणि सर्कशीतल्या त्या मुलालाही टपावरून जाताना असंच वाटत असेल, असं तिच्या मनात आलं. आणि तिला खूप बरं वाटलं.

इकडे मिनातोझात दुपारचा खेळ सुरू झाला होता. शेवटच्या रिळापर्यंत चित्र चाललं, मग पडदा काळा. मालकांनी ठरवलं होतं की शेवट रानसुई मास्तरांनी अंधारात तोंडीच सांगायचा. मास्तरांना खरा शेवट माहीत होता. पण समोर चित्र नाही, अडवायला कुणी नाही, अशी मोकळीक त्यांना जन्मात मिळाली नव्हती. आणि लोकांना रडवणं हा त्यांचा मोठा आनंद. त्यांनी छोट्या रॉबर्टला पुलावरून पाडला. लोक हुंदके देऊ लागले, तेव्हा त्यांनी कुत्र्यालाही मागून उडी मारायला लावली. बायकांनी बाह्या डोळ्यांना लावल्या. मास्तर आईला नदीकाठी आणत होते, एवढ्यात मागच्या दाराने एक भयंकर वास आत आला आणि वासापाठोपाठ तोमे आणि सुएमात्सु.

मालक नाक दाबून काही बोलायच्या आत तोमेने डबा शोहेईच्या हातात दिला. त्याने उघडून बघितलं आणि एका भुवईनेच आनंद दाखवला. दिवा लागला. पडद्यावर छोटा रॉबर्ट पुलावर धडधाकट उभा होता आणि कुत्रा शेपटी हलवत होता.

सगळं चित्रगृह मास्तरांकडे बघायला लागलं. मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "असं," ते सावकाश म्हणाले, "त्या दुष्ट जिमला स्वप्न पडलं होतं." आणि पुढे सुरू झाले. असा हशा आणि अशा टाळ्या मिनातोझाने ना आधी ऐकल्या, ना नंतर.

तोमे मात्र शेवट बघायला थांबली नाही. ती दारावर आली. ओनोबू खडावांच्या फळ्यांपुढे उभी होती. सकाळपासून मुलं दिसली नाहीत म्हणून तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने तोमेचा कान धरला, मग वास आल्यावर सोडला, मग परत धरला.

"कुठे होतीस?"

"शेवट आणायला गेले होते. कागेउराला. तुझं दार जाऊ नये म्हणून."

ओनोबूने कान सोडला. आतून मास्तरांचा आवाज येत होता, आगगाडी, शिट्टी, जिम मागे लागलाय.

"आई, माझ्या आधी किती गेले?"

ओनोबूच्या हातात कुणाची तरी जोडी होती. ती तिने फळीवर ठेवली, परत काढली, पुन्हा ठेवली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तिथल्या बाईंनी विचारलं. मला सांगता नाही आलं."

"दोन," ओनोबू म्हणाली. "किनुनंतर. मुलाचं तर नावसुद्धा ठेवून झालं नव्हतं. मुलगी हसायला लागली होती. मग तू. तू पण निळी पडलेली जन्मलीस. सुईण म्हणाली, ही पण राहत नाही. मी तुला पोटाशी धरलं आणि रात्रभर कानात म्हणत राहिले, थांब. थांब गं. तू तरी थांब. उजाडता उजाडता रडलीस तू. मग दुसरं काय नाव ठेवणार होते मी?"

"मग लोक म्हणतात ते? मुली पुरे झाल्या म्हणून?"

"म्हणू देत. खरं सांगायचं तर त्या दोघांचंही सांगावं लागतं. हसणाऱ्या माणसांना ते सांगवत नाही मला."

"आणि युरिको?"

"छान आहे गं नाव. मला कळत नाही का." ओनोबूने बाहीने तोंड पुसलं. "पण मला भीती वाटते. त्या नावाने तुला धरून ठेवलंय. ते काढून घेतलं आणि तू निघालीस तर? काल तू कठड्यावर होतीस, तेव्हा माझ्या तोंडून नाव आलं की थांब आलं, मला माहीत नाही. काहीही आलं असेल, तू मागे आलीस ना."

तोमेला रडू आलं, पण ते कालच्यासारखं नव्हतं. काल रात्री आपण काय बोललो ते आठवून तिला लाज वाटली आणि त्याच वेळी ती इतकी सुखी होती की काय करावं ते तिला सुचेना. आपल्याला कुणी पुरे म्हटलेलं नाही. आपल्याला कुणीतरी रात्रभर राहा म्हणून विनवलं होतं. ती आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली आणि ओनोबूनेही, आपला स्वच्छ किमोनो घाण होतोय हे दिसत असून, तिला तशीच राहू दिली.

खेळ सुटला. लोक पट्ट्या पुढे करत दाराशी दाटी करायला लागले. त्यांच्यातून वाट काढत कुमाशिरो मालक आले, गालावर रडल्याच्या आणि हसल्याच्या दोन्ही खुणा घेऊन.

"शाबास. ओरिएबाईकडून रीळ आणायचं म्हणजे चेष्टा नाही."

"तुम्ही स्वतः परत न्यायचंय," तोमे म्हणाली. "बसून चहा प्यायचा आणि तोंड कडू करायचं नाही. आता दुसऱ्या होड्या नाहीत. हेइसुके आजोबांची होडी तेवढी जातेय."

लोक ऐकत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मालक विषय बदलायला म्हणाले, "ते बघू. ओनोबू, तुझं दार तुलाच. हट्टी आहेस, पण असू दे. मी या पोरीलाच विचारतो. बोल, उद्यापासून युरिको ना? कालपासून सगळं गाव तेच म्हणतंय. तुलाही आवडलंय, मला दिसतं."

ओनोबू खडावांकडे बघत होती. आता ती नाही म्हणणार नव्हती. जे सांगायचं ते तिने सांगून टाकलं होतं, आणि नाव मुलीचं होतं.

"नको," तोमे म्हणाली. "मला तोमेच राहू दे."

"अगं, पण पुन्हा कुणी हाक मारली तर?"

"शोहेईदादांना घंटा घेऊन द्या. घंटा वाजली तर थांबवायचं. माणसांचं ऐकायचं नाही."

"ते ठीक. पण एवढं चांगलं नाव सोडायचं, ते का?"

"मी थांबलेय म्हणून," तोमे म्हणाली.

मालकांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि घंटेची चौकशी करायला आत गेले. ओनोबूला कळलं. ती लोकांना खडावा देत राहिली. पण तिला फळ्याच नीट दिसत नव्हत्या, आणि आयुष्यात कधी एक जोडी न चुकवलेल्या त्या बाईने समोरच्या तांदूळवाल्याला कुणाच्या तरी लाल पट्ट्यांच्या बायकी खडावा दिल्या. त्याने एकदा पायांकडे बघितलं, एकदा ओनोबूच्या चेहऱ्याकडे, आणि त्याच घालून तो गुपचूप घरी गेला.